नर्सेसचा संप: मनाई करायची असेल, तर बदल्यात काय द्यायचे?

तिऱ्हाईत
परिचारिकांच्या संपाची बातमी आली की चर्चा दोन ठरलेल्या वाटांनी जाते. एक बाजू ‘रुग्णांना वेठीस धरले’ असे म्हणते, दुसरी ‘त्यांनाही पोट आहे’ असे म्हणते, आणि संप मिटला की दोन्ही बाजू गप्प होतात. मला येथे एक मर्यादित प्रश्न विचारायचा आहे: सार्वजनिक रुग्णालयातील परिचारिकांना संपाचा अधिकार असावा का?

माझे मत आधीच सांगून टाकतो. नसावा. कारखान्यात संप झाला तर मालकाचे उत्पादन बुडते, म्हणून तो वाटाघाटीला बसतो. सरकारी रुग्णालयात संप झाला तर सरकारचे काहीच बुडत नाही, उलट तितक्या दिवसांचे वेतन वाचते. बुडतो तो ज्याला खासगी रुग्णालयाची पायरी चढणे परवडत नाही तो रुग्ण. शस्त्र उगारायचे एकावर आणि लागायचे दुसऱ्याला, असा हा प्रकार आहे.

याला आकड्यांचाही आधार आहे. जोनाथन ग्रुबर आणि सॅम्युएल क्लाइनर या अर्थशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्क राज्यातील १९८४ ते २००४ या काळातल्या परिचारिकांच्या संपांचा अभ्यास करून २०१२ मध्ये तो प्रसिद्ध केला. संपकाळात दाखल झालेल्या रुग्णांचे रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना आढळले. हे वाचल्यावरही संपाचे समर्थन करता येते का, आणि कसे, हे मला समजून घ्यायचे आहे.

खडूस काका
मनापासून सहमत. नोकरी स्वीकारताना हे अत्यावश्यक सेवेचे काम आहे हे माहीत नव्हते का?

आकडेमोड
तिऱ्हाईत, अभ्यास चांगला निवडला आहे, पण त्याचा अर्धाच भाग सांगितला आहे. त्याच अभ्यासात असेही आढळले की ज्या रुग्णालयांनी संपकाळात बाहेरून बदली परिचारिका आणल्या त्यांची कामगिरी, बदली परिचारिका न आणणाऱ्या रुग्णालयांपेक्षा सरस ठरली नाही. याचा अर्थ असा, की नुसती माणसे उभी करून भागत नाही. त्या वॉर्डाची, तिथल्या रुग्णांची आणि यंत्रांची ओळख असलेली परिचारिका ही सहज बदलता येणारी गोष्ट नाही.

आता दुसरा अभ्यास पाहा. लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांच्या माहितीवरून दाखवले, की एका परिचारिकेकडे सरासरी एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा दाखल झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. येथे संप नाही, घोषणा नाहीत, बातमीही नाही. रोजचा साधा दिवस आहे.

दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले तर निष्कर्ष एकच निघतो: खाटेजवळ परिचारिका नसली की माणसे दगावतात. संपाच्या दिवशी ती का नाही हे आपल्याला माहीत असते, एरवी कोणी विचारत नाही. तुमचा १८ टक्क्यांचा आकडा संपाविरुद्ध वापरायचा असेल तर तो रिक्त पदांविरुद्धही तितक्याच आवेशाने वापरावा लागेल.

रात्रपाळी
मी सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. संपाबद्दल सगळे बोलतात, म्हणून मी संप नसलेल्या रात्रीबद्दल लिहिते.

रात्रपाळीला आल्यावर आधी चार्ज घ्यायचा. प्रत्येक खाटेजवळ उभे राहून कोणाला काय चालू आहे, कोणाची लघवी झालेली नाही, कोणाचे रक्त पाठवले आहे आणि अहवाल आलेला नाही, हे ऐकायचे. खाटा भरलेल्या असतात आणि खाटांमध्ये जमिनीवर गाद्या असतात. त्या गाद्यांना क्रमांक नसतो, म्हणून केसपेपर आणि माणूस यांची जोडी डोक्यात ठेवावी लागते. मग इंजेक्शनचा राउंड सुरू होतो. प्रतिजैविकाची कुपी पातळ करायची, शिरेत सावकाश द्यायची, द्यायला हवा तितका वेळ द्यायचा. नियमाने केले तर दहाच्या डोसचा शेवटचा रुग्ण येईपर्यंत मध्यरात्र उलटते. मध्येच एकाचा श्वास अडकतो, त्याच्या घशातला कफ सक्शनने काढायला उभे राहावे लागते, आणि त्याच वेळी पलीकडे कोणाचे तरी सलाईन संपून नळीत रक्त चढू लागते. नातेवाईक हाका मारतात. त्यांचे चूक नाही, त्यांना एकच रुग्ण दिसतो.

यात लेखनकाम वेगळे. औषधांचे इंडेंट म्हणजे मागणीपत्र, चादरींचा हिशेब, डेड स्टॉकची म्हणजे टिकाऊ सामानाची नोंदवही, जेवणाचा तक्ता. चादर गहाळ झाली तर तिचा जाब सिस्टरला विचारतात. ताप वेळेवर पाहिला गेला नाही तर मात्र सहसा कोणी विचारत नाही, जोपर्यंत काही विपरीत घडत नाही तोपर्यंत. घडले की चौकशी समितीसमोर पहिली उभी राहते ती त्या रात्री ड्युटीवर असलेली बाई. ती मंजूर पदांपैकी किती पदे भरलेली होती हे समितीला सांगू शकते, पण समितीच्या प्रश्नावलीत तो प्रश्न नसतो.

खडूस काका, नोकरी स्वीकारताना अत्यावश्यक सेवा आहे हे माहीत होते. तीन जणींची अत्यावश्यक सेवा एकटीने द्यायची आहे, हे नेमणूकपत्रात लिहिलेले नव्हते.

उपटसुंभ
महासाथीत आपण टाळ्या वाजवल्या होत्या, तेव्हा हिशेब चुकता झाला अशी माझी समजूत होती. टाळ्यांवर महागाई भत्ता लागू होत नाही काय?

खडूस काका
रात्रपाळी ताई, तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे आणि तो उपरोधाने म्हणत नाही. परंतु आपण जे सांगितले ते अधिक भरतीचे समर्थन आहे, संपाचे नाही. एका रात्री तीन जणींच्या जागी एक असते म्हणून आपण व्यथित होता, आणि संपाच्या दिवशी ती एकही नसते. हे गणित मला अजूनही जुळत नाही.

सातासमुद्रापार
‘एकही नसते’ हे नेहमी खरे नसते, म्हणून लिहीत आहे. मी इंग्लंडमध्ये परिचारिका आहे. येथील रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग ही संघटना १९१६ पासूनची आहे, आणि संप करणार नाही असे तिच्या नियमांतच लिहिलेले होते. तो नियम १९९५ मध्ये काढला गेला, आणि तरीही पहिला संप २०१९ च्या डिसेंबरमध्ये, तोही फक्त उत्तर आयर्लंडमध्ये झाला. त्यानंतर १५ आणि २० डिसेंबर २०२२ रोजी इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये संप झाला. म्हणजे उठसूट संप करणारी ही मंडळी नव्हेत.

त्या दिवसांत केमोथेरपी, डायलिसिस, अतिदक्षता यांसारखे विभाग संपातून वगळले होते. कोणत्या विभागात किती जणी राहणार, हे संघटना आणि रुग्णालय यांनी आधी बसून ठरवले होते. आमच्या वॉर्डात गमतीची, म्हणजे खरे तर लाजिरवाणी, गोष्ट अशी झाली की संपाच्या दिवशी ‘सुरक्षिततेसाठी किमान’ म्हणून जी संख्या कागदावर मागितली गेली, ती एरवीच्या कित्येक पाळ्यांमधल्या संख्येपेक्षा जास्त होती. ती यादी पाहून आमच्या सिस्टर एवढेच म्हणाल्या, की मग रोजच संप करू या.

पुढे काय झाले हेही सांगायला हवे, नाहीतर चित्र गोड दिसेल. २०२३ च्या मे महिन्यात वेतनवाढीचा जो प्रस्ताव लागू झाला तो आमच्या संघटनेच्या सभासदांनी नाकारलेला होता. इतर संघटनांच्या बहुमताने तो स्वीकारला गेला. संप पुढे चालवण्यासाठी जून २०२३ मध्ये पुन्हा मतदान झाले, पण येथील कायद्याला लागणारे ५० टक्के मतदान झाले नाही, आणि विषय संपला. परिचारिका दमल्या होत्या. संपाचाही शीण येतो.

साक्षेपी
कायद्याच्या बाजूने थोडे. भारतात घटनेच्या १९व्या कलमाने संघटना स्थापन करण्याचा अधिकार दिला आहे, संपाचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये टी. के. रंगराजन विरुद्ध तामिळनाडू सरकार या खटल्यात तर सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, वैधानिक किंवा नैतिक असा कोणताच अधिकार नाही, इथपर्यंत म्हटले. शिवाय अत्यावश्यक सेवा परिरक्षणाचे कायदे आहेतच, आपल्याकडे ज्याला सगळे ‘मेस्मा’ म्हणतात तो त्यांपैकीच. तेव्हा तिऱ्हाईत यांच्या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर भारतापुरते बरेचसे त्यांच्या बाजूचे आहे.

पण येथे एक बाब दुर्लक्षिली जाते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या संघटन-स्वातंत्र्य समितीने रुग्णालय ही खऱ्या अर्थाने अत्यावश्यक सेवा मानली आहे आणि तेथे संपावर निर्बंध घालता येतात हे मान्य केले आहे. मात्र त्याच वेळी तिने अट घातली आहे, की ज्यांचा हा अधिकार काढून घेतला त्यांना त्याची भरपाई म्हणून निःपक्ष आणि जलद समेट व लवादाची व्यवस्था मिळाली पाहिजे, आणि लवादाचा निर्णय दोन्ही पक्षांवर बंधनकारक असला पाहिजे. आपण या तत्त्वाचे पहिले वाक्य मोठ्याने वाचतो आणि दुसरे वाचायच्या आत पुस्तक मिटतो.

भाबडा
साक्षेपी, लवादाने वेतनाचा निवाडा करता येईल. पण ‘वॉर्डात माणसे नाहीत’ याचा निवाडा कसा करणार? भरती तर तिजोरीवर अवलंबून असते.

आकडेमोड
हीच खरी मेख आहे, आणि तिला उत्तरे दिली गेली आहेत. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा केला आणि २००४ पासून तो अमलात आणला. अतिदक्षता विभागात एका परिचारिकेमागे जास्तीत जास्त दोन रुग्ण, सर्वसाधारण वॉर्डात पाच. ही शिफारस नव्हे, कायद्याने घातलेली मर्यादा आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडने २०१६ मध्ये काही सरकारी रुग्णालयांत असेच प्रमाण लागू केले. त्याचा अभ्यास २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. मृत्यू आणि पुन्हा दाखल होणे कमी झाले, रुग्ण लवकर घरी गेले, आणि त्यातून वाचलेला खर्च हा वाढीव परिचारिकांवर झालेल्या खर्चाच्या दुपटीहून अधिक निघाला. तिजोरीचे कारण सांगणाऱ्यांनी हा हिशेब तरी मांडून पाहावा.

भारतातही प्रमाण ठरलेले नाही असे नाही. भारतीय परिचर्या परिषदेचे निकष अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक असे आहेत, शिवाय रजेसाठी ३० टक्के राखीव. फरक इतकाच की हा निकष मोडला म्हणून कोणाला नोटीस आल्याचे ऐकिवात नाही.

रात्रपाळी
तो रजा राखीव भाग आमच्याकडे दंतकथेसारखा सांगितला जातो. सिनिअर सिस्टर नवीन मुलींना सांगतात, की एके काळी अशी पद्धत होती.

चिकित्सक
प्रमाण ठरवणारे कायदे मलाही आवडतात, पण परिचारिका आणायच्या कुठून? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका आहेत आणि ५८ लाखांची तूट आहे. श्रीमंत देशांनी वॉर्ड भरायचे ठरवले की ते गरीब देशांतून माणसे नेतात. सातासमुद्रापार यांनी राग मानू नये, पण त्यांच्या वॉर्डातली जागा भरली तेव्हा इथली एक रिकामी झाली.

सातासमुद्रापार
राग मानत नाही, पण दुरुस्ती करते. इथली जागा मी जाण्याने रिकामी झाली नाही. मी कंत्राटी होते. दर अकरा महिन्यांनी करार संपे, मग पुन्हा नवीन करार होईपर्यंत पुन्हा बोलावतील की नाही याचा जीवाला घोर. कायम पद मंजूर होते, रिकामे होते, आणि भरले जात नव्हते. ज्या देशात प्रशिक्षित परिचारिका बेरोजगार आणि पदे रिक्त अशी दोन्ही माणसे एकाच रांगेत उभी आहेत, तेथे स्थलांतर हे कारण नव्हे, परिणाम आहे.

उपटसुंभ
पदे माणसे कधीपासून झाली? बाकी मुद्दा पोहोचला.

पांढरा डगला
धागा केवळ परिचारिकांपुरता ठेवला आहे म्हणून डॉक्टरच्या बाजूने एक निरीक्षण नोंदवतो. निवासी डॉक्टरांचा संप झाला की दूरचित्रवाणीवर चर्चासत्रे होतात आणि मंत्री बैठक बोलावतात. परिचारिकांचा संप झाला की प्रशासन आधी शिकाऊ विद्यार्थिनींना वॉर्डात उभे करते आणि मग वाट पाहते. जगातील परिचारिकांपैकी दहांत आठांहून अधिक स्त्रिया आहेत, आणि सेवाभाव हा त्यांच्या पगाराचाच भाग धरण्याची सवय आपल्याला फार जुनी आहे. ‘सिस्टर’ म्हटले की हिशेब मागायचा नसतो, असे काहीसे.

विद्यार्थिनींना असे वापरणे धोक्याचे आहे, हे मी पाहिले आहे. डोस लिहून दिला तरी तो रुग्णाला न मानवणारा आहे हे ओळखून मला थांबवणारी अनुभवी सिस्टर असते. विद्यार्थिनी घाबरून लिहिलेले तसेच देते. संपाच्या दिवसांत मी स्वतःची प्रत्येक ऑर्डर दोनदा वाचत असे. मला थांबवणारे कोणी नव्हते.

नातेवाईक
बराच वेळ वाचत होतो. माझ्या वडिलांची शस्त्रक्रिया संपामुळे पुढे ढकलली गेली. खाट मिळाली होती, उपाशी ठेवले होते, आणि सकाळी सांगितले की आज होणार नाही. ते घरी आले आणि दुसऱ्या तारखेची वाट पाहत राहिले, तोपर्यंत दुखणे वाढले. तुम्ही सगळे दोन्ही बाजूंचे अभ्यास वाचता, ते बरोबरच आहे, पण आमच्यासारख्याला संघटना आणि सरकार हे दोघेही सारखेच लांबचे आहेत. मला कोणी विचारले नाही. शस्त्रक्रिया पुढे गेली तर दुसरी तारीख कोणी, किती दिवसांत द्यायची, याची जबाबदारी कोणावरच नव्हती. खिडकीवरचा माणूस म्हणे सिस्टरना विचारा, सिस्टर बाहेर मंडपात.

माझा परिचारिकांवर राग नाही. वडिलांच्या आधीच्या मुक्कामात मी पाहिले आहे, रात्री तिथे कोण धावत होते ते. पण संपाला पाठिंबा द्या म्हणून पत्रक देणाऱ्या मुलीला मी ‘हो’ म्हणू शकलो नाही.

रात्रपाळी
नातेवाईक, तुमच्या प्रतिसादाला उत्तर देण्याचा प्रयत्न करणार नाही. फक्त सांगते, की मंडपात बसलेल्यांपैकी बहुतेकींना आपल्या वॉर्डातले खाट क्रमांक पाठ असतात आणि आत काय चालले असेल हाच विषय तिथे असतो.

खडूस काका
नातेवाईक यांनी जे लिहिले तेच मी रुक्षपणे म्हणत होतो. तरीही साक्षेपी यांचा लवादाचा मुद्दा मला पटण्यासारखा वाटतो. मनाई ठेवा, पण सरकारलाही बांधा.

साक्षेपी
काका, सरकारला बांधणे हेच अवघड आहे. डेन्मार्कचे उदाहरण घ्या. २०२१ च्या जूनमध्ये तेथील परिचारिका वेतनासाठी संपावर गेल्या, सुमारे दहा आठवडे संप चालला, आणि ऑगस्टअखेर संसदेने कायदा करून तो संपवला. परिचारिकांनी जो प्रस्ताव मतदानाने फेटाळला होता, जवळजवळ तोच त्यांच्यावर लादला गेला. फिनलंडमध्ये २००७ साली परिचारिकांनी संपाऐवजी सामुदायिक राजीनाम्यांचा मार्ग धरला, बारा हजारांहून अधिक जणींनी तयारी दाखवली. सरकारने त्यांना कामावर आणता यावे असा कायदा घाईने केला, पण राजीनामे लागू होण्याआधीच तडजोडही झाली. दोन्ही देश श्रीमंत, दोन्हींत संघटना बलवान. तरी शेवटी कायदा करण्याची लेखणी एकाच पक्षाच्या हातात राहिली. लवाद हवा तो अशा रीतीने, की वेळ संपल्यावर निवाडा आपोआप लागू व्हावा आणि तो नाकारायचा असेल तर विधिमंडळात उघडपणे मत देऊन नाकारावा लागावा.

तिऱ्हाईत
सर्वांचे आभार. माझे मूळ मत मी सोडत नाही: रुग्णसेवा पूर्ण बंद ठेवण्याचा अधिकार कोणालाही असू नये. पण मनाईची किंमत ठरवल्याशिवाय मनाई मागणे अर्धवट आहे, हे आकडेमोड आणि साक्षेपी यांच्या मांडणीतून स्पष्ट झाले. म्हणून प्रश्न अधिक नेमका करतो. संपाला मनाई, आपत्कालीन विभाग सदैव चालू, बंधनकारक लवाद, आणि रुग्ण-परिचारिका प्रमाण कायद्यात. पुढे ढकललेल्या शस्त्रक्रियेला ठरावीक मुदतीत नवी तारीख देण्याची जबाबदारी रुग्णालयावर, हे नातेवाईक यांच्या प्रतिसादामुळे जोडतो. रात्रपाळी ताई, हे सारे मिळाले तर आपण संपाचा अधिकार सोडाल का?

रात्रपाळी
मिळाले तर आनंदाने सोडेन. पण ‘मिळाले’ हे कोण तपासणार? आश्वासनाचे पत्र घेऊन संप मागे घ्यायचा आणि पुढच्या संपात तेच पत्र दाखवून मागणी करायची, हे आम्ही करत आलो आहोत. म्हणून मी तुमच्या यादीच्या आधी एक छोटी गोष्ट मागेन, जिला फारसा पैसाही लागत नाही. प्रत्येक वॉर्डाच्या दाराशी फळा लावा. आज या पाळीला किती परिचारिका हव्यात, किती आहेत, आणि रुग्ण किती आहेत, एवढेच त्यावर लिहा.

सातासमुद्रापार
इंग्लंडमध्ये हे आहे. मिड स्टॅफर्डशायरच्या रुग्णालयात झालेल्या हेळसांडीवर फ्रान्सिस चौकशीचा अहवाल २०१३ मध्ये आला, त्यात अपुऱ्या परिचारिकांवर बोट ठेवले होते. त्यानंतर २०१४ पासून प्रत्येक पाळीतील संख्या वॉर्डात लावणे आणि ती दर महिन्याला प्रसिद्ध करणे सुरू झाले. फळ्याने परिचारिका वाढल्या असे मी म्हणणार नाही. पण रुग्णाचा नातेवाईक माझ्यावर ओरडण्याआधी कधीकधी फळ्याकडे पाहतो.

चिकित्सक
फळ्यावर ‘हव्यात’च्या रकान्यात मंजूर पदे लिहायची की परिषदेच्या निकषाप्रमाणे लागणारी? मंजूर पदे लिहिली तर तो फळा पहिल्याच दिवशी खोटे बोलू लागेल, कारण मंजुरी जुन्या खाटांच्या संख्येवर आहे.

रात्रपाळी
निकषाप्रमाणे लागणारी. आणि रुग्णांच्या रकान्यात जमिनीवरच्या गाद्याही धरायच्या.